पागोट्यातली टिटवी

एका राज्यात नदीच चोरीला गेली. हसू नका. गाय चोरतात, तशी नदी चोरली. हुंकारनाथ जादूगारानं ती गुंडाळली, तांब्याच्या हंड्यात कोंबली, हंडा डोंगराच्या कुशीत ठेवला नि शेजारी खाट टाकून घोरत पडला. राखण नाही, कुलूप नाही. अट एकच. गादीवरच्या धन्यानं न चाचरता म्हणायचं, "नदी, घरी चल." संधी तीन. तिन्ही हुकल्या, तर नदी कायमची जादूगाराची.

गादीवर होती केतकाराणी. बाप वारला, तसं त्याचं पागोटं तिच्या डोक्यावर आलं. आणि त्या पागोट्यात राहायला आली एक टिटवी, आधी राणीच्या वेणीत असायची. राणीनं तोंड उघडलं, की ही कानात चालू. तुला नाही जमायचं. बापाची सर येणारेय का तुला? सगळे हसतील बघ. मग राणीचा शब्द घशातच. भर दरबारात साधं प्यायला पाणी मागायची चोरी, तशीच तहानेली उठून जायची बिचारी.

विहिरी आटल्या, तशी राणी निघाली. सोबत म्हातारा प्रधान गोंदाजी. त्याच्याकडं दोनच गोष्टी उरलेल्या, गुडघेदुखी नि सल्ले.

हंड्यापुढं आल्यावर गोंदाजी म्हणाला, चोच बांधा. राणीनं दोऱ्यानं बांधली. टिटवी पोटातून बोलायला लागली, डोंगरभर घुमलं. राणी "नदी, घ" इथंच अडकली. पहिली संधी गेली.

गोंदाजी म्हणाला, शिव्या घाला. राणीनं अशा घातल्या, की मला पाठ आहेत तरी इथं सांगत नाही. टिटवी एकेक शिवी गिळायची नि फुगायची. फुगून मोराएवढी झाली, पागोटं राणीच्या नाकावर आलं. "नदी"सुद्धा निघेना. दुसरी गेली.

जादूगारानं एक डोळा उघडला. "मी नुसती नदी चोरली, बाईसाहेब. टिटवी तुमची घरचीच." नि परत घोरायला लागला.

गोंदाजीनं पुन्हा तोंड उघडलं, तसं राणीनं त्याला दगडावर बसवलं. पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. बघते तर टिटवी उताणी, पाय आभाळाकडं, नि पाय लटलट कापतायत.

"अशी का गं झोपतेस?"

"झोपते कुठं? आभाळ धरलंय. सोडलं तर तुझ्यावर पडेल."

"कधीपासून?"

"एवढीशी होतीस. हत्तीच्या हौदात पडलीस, सारा दरबार हसला. म्हटलं, परत हसू द्यायचं नाही. हिनं तोंडच उघडलं नाही, तर हसतील कशाला?"

राणीला आठवलं. नाकात शेवाळ, पायात परकर. इतक्या वर्षांनी तिचं तिलाच हसू फुटलं. गोंदाजीनं कबूल केलं, की पहिला तोच हसला होता.

राणीनं टिटवीचे पाय हातात घेऊन चोळले. "दमलीस गं बाई. त्या पोरीला सांभाळलंस, उपकार झाले. आता ती माझ्याकडं दे. लोक हसले तर हसू देत, मी आहे तिच्यापाशी. पाय खाली घे."

टिटवीनं एक पाय खाली घेतला. वर बघितलं. आभाळ जागेवर. मग दुसरा घेतला. तशी ती आकसून मुठीएवढी झाली.

राणीनं तिला पागोट्याच्या घडीत बसवलं, पागोटं डोक्यावर चढवलं नि हंड्यापुढं उभी राहिली. टिटवीनं सुरुवात केलीच, तुला नाही... सवय ती.

"थांब गं, माझं बोलून होऊ दे," राणी म्हणाली. मग म्हणाली, "नदी, घरी चल."

झाकण उडालं. पहिल्या लाटेवर जादूगार खाटेसकट राज्याबाहेर गेला, घोरतच. दुसरीनं जाता जाता गोंदाजीचं धोतर नेलं.

घाटावर सारा दरबार स्वागताला उभा. राणी ऐटीत आली, पाय घसरला नि धपकन पाण्यात बसली. लोक हसले. टिटवीनं झटकन पाय वर केले.

"खाली," राणी म्हणाली, नि बसल्या जागी ओंजळ भरून पोटभर पाणी प्यायली.

तिची नदी तिच्या गावाला, माझी गोष्ट तुमच्या कानाला. कानात आधीच कुणी बसलं असेल, तर त्याला म्हणावं, बाबा, जरा सरकून बस.