सरकीचं थिएटर

“…मग माझंच नाटक लावायला काय हरकत आहे, बाई?”

प्रफुल्ल ठोसर मुंबईहून एवढं विचारायलाच आला होता. मालतीबाई रंगमंचाची फळी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अकोल्यात सरकीच्या एका जुन्या गोदामात बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने हे छोटं नाट्यगृह उभं केलं होतं. गावात सगळे त्याला सरकीचं थिएटरच म्हणत. नियम एकच. ज्याचं नाटक अजून कुठेच झालेलं नाही, त्याचंच इथे व्हायचं. नवरा गेला, बाई थकल्या, नियम तसाच राहिला. गर्दी मात्र कधी झाली नाही. आता गोदामाच्या मालकाने जागा विकायला काढली होती.

प्रफुल्लचं पहिलं नाटक इथलंच. मध्यंतरात लोक उठून गेले, तरी बाईंनी दुसरा अंक पूर्ण करायला लावला होता. आज त्याच्या नाटकांना हाउसफुल्लची पाटी लागत होती. तो मालकाशी बोलूनच आला होता. त्याचं गाजलेलं नाटक दर आठवड्याला इथे होणार असेल, तर मालक थांबायला तयार होता.

“तुझं नाटक कुठेही होईल,” बाई म्हणाल्या.

“पण थिएटर वाचेल.”

“भिंती वाचतील.”

प्रफुल्लला राग आला. इथे आलेल्या नव्या लेखकांपैकी आज कोण कुणाला आठवतो, असं तो म्हणाला. दिनकर गावंडेचं नाव त्यानेच काढलं.

दिनकर रेल्वेत गँगमन होता. बोलताना अडखळायचा, म्हणून फारसा बोलतच नसे. त्याने एक नाटक लिहिलं. ते इथे एकदाच झालं आणि पुढच्या वर्षी तो काविळीने गेला. त्या नाटकाला पुन्हा कुणी हात लावला नाही.

“काय उरलं त्याचं, बाई?”

बाई तिथेच फळीवर बसल्या.

“त्याची आई आली होती प्रयोगाला,” त्या म्हणाल्या. “पडदा पडला तरी उठेना. मला म्हणाली, ‘घरात तं दोन शब्द नाही बोलत हा. एवढं सारं याच्या पोटात होतं?’”

त्या उठल्या आणि पुन्हा फळी पुसू लागल्या.

प्रफुल्ल मुंबईला निघून गेला. जागाही गेली.

ती रिकामी करायच्या दिवशी मात्र त्याला मुंबईत राहवलं नाही. तो आला तेव्हा माणसं खुर्च्या उचलून बाहेर टेम्पोत भरत होती. रंगमंचावर एक मध्यमवयीन बाई हातात कागद धरून उभी होती. भावना इंगोले, सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं हे पहिलंच नाटक. पुढच्या महिन्यात ते इथे व्हायचं होतं. ती मोठ्याने वाचत होती, आणि मालतीबाई समोर एकट्या बसून ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

प्रफुल्ल त्यांच्या कानाशी वाकला.

“बाई, याचा प्रयोग आता कधीच होणार नाही. मग हिला कशाला वाचायला लावता?”

बाईंनी हात वर केला. खुर्च्या नेणारी माणसं होती तिथे थांबली. मग बाईंनी प्रफुल्लचा हात धरून त्याला शेजारी ओढलं.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. “प्रयोग सुरू आहे.”