रांजणाचं घर

“...मग उणं कुठे राहिलं, बुवा? तेवढं तरी सांगा.”

हेरंब चौसाळकराने विचारलं आणि घाम पुसला. पैठणच्या त्या गल्लीत वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. सोमनाथबुवा ओट्यावर टेकले होते.

याच बुवांनी मठात त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. आता तो जुन्या घरांची डागडुजी करणारा नामांकित वास्तुकार झाला होता. मान जरा ताठच असायची. हे घर तर त्याच्या स्वतःच्या वाडवडिलांचं. नुकतीच दारावर ‘संरक्षित वास्तू’ अशी पाटी लागली होती.

“तुळया मूळच्या. चुना जुन्या पद्धतीने गूळ घालून मळलेला. खिडकीवरचा लाकडी पोपटसुद्धा होता तिथेच बसवलाय. तरी आत पाऊल टाकलं की परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतं...” त्याने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. “दादा गेले, आणि घर मला ओळखेनासं झालं.”

दादा म्हणजे त्याचे वडील. रोज पहाटे ते ओट्यावरचा रांजण भरायचे आणि उन्हातून जाणाऱ्याला हाक मारायचे, “घोटभर पाणी पिऊन जा हो!” त्यांचं आडनाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे म्हणत, रांजणाचं घर. हेरंबाला ओल्या मातीचा तो वास आठवला.

रांजण अजून तिथेच होता. भोवती दोरी, वर पाटी : हात लावू नये.

“पाणी आहे का रे?” बुवांनी विचारलं.

हेरंबाने लगबगीने बाटली पुढे केली. बुवा उठले. दोरी ओलांडून त्यांनी ती रांजणात उपडी केली.

“अहो बुवा! पाझरेल तो! डाग पडतील. किती जपलाय मी...”

बुवा रांजणाच्या पोटावर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई गल्लीतून आली. ओट्यापाशी थबकली. रांजण पाहिला, दोरी पाहिली, पदराने तोंड पुसलं आणि पुढे निघाली.

हेरंबाचा चेहरा उतरला.

“हाक मार तिला,” बुवा म्हणाले. “बघ... घर ओळखतं का तुला.”