जिवंत माणसाचे तोंड

एका राज्यात मीठ सोडून सगळे होते. ऊस होता, भात होता, हळदीची शेते होती, गाई दुभत्या होत्या. पण चिमूटभर मिठासाठी डोंगर ओलांडावा लागे. डोंगरापल्याड मिठाच्या टेकड्या होत्या आणि तुंबरी नावाची जादूगारीण त्यांची राखण करी. अल्याडच्या राजाने दरसाल तिच्या दारी जावे, गुळाच्या ढेपा पुढे ठेवाव्यात, मीठ मागावे आणि तिने ते द्यावे, अशी जुनी रीत होती.

पल्याडची भाषा वेगळी. म्हणून अल्याडच्या शाळेत मुलांना आपल्या भाषेबरोबर तीही शिकवीत. शिकवणाऱ्या गुरुबाई गोमाई. कधी कान पिरगाळून शिकवीत, कधी गाणी म्हणून. मुले चुकत, एकमेकांना हसत, आणि हसता हसता शिकत. राजघराण्यातली कुवलया त्याच सतरंजीवर बसे. तिला वेगळे आसन नव्हते आणि वेगळी शिक्षाही नव्हती.

म्हातारा राजा वज्रकेतू वारला आणि त्याचा मुलगा मणिरथ, म्हणजे कुवलयेचा बाप, गादीवर बसला. मणिरथ हुशार होता. हुशार माणसाला कष्ट वाचवायची जी खोड असते, ती त्यालाही होती. त्याच्यापाशी लहानपणापासून एक साळुंकी होती, म्हणून पल्याडची भाषा तो कधी शिकलाच नव्हता. ती एक भाषा ऐके आणि दुसरीत बोले. अक्षर इकडचे तिकडे होत नसे. राजाने तिची पिल्ले घरोघर वाटली आणि दवंडी पिटवली, की पल्याडच्या भाषेचा तास आजपासून बंद. पक्षी बोलतो आहे, तर मुलांनी जीभ का झिजवावी? लोक खूश झाले. आयते मिळाले की कोण नको म्हणतो? गोमाई तेवढ्या दरबारात गेल्या आणि म्हणाल्या, की महाराज, मग जेवायलाही साळुंकीलाच बसवा, पोट तुमचे भरेल. दरबार हसला. गोमाई हसल्या नाहीत. घरी गेल्या आणि दार लावून घेतले.

त्या वर्षी मणिरथ मीठ मागायला गेला. तुंबरीच्या उंबरठ्यापाशी तो तोंड मिटून उभा राहिला आणि साळुंकी त्याच्या खांद्यावरून बोलली. गोड बोलली, शुद्ध बोलली. तुंबरीने सगळे ऐकून घेतले, राजाकडे नीट पाहिले आणि विचारले, “हा मेला कधी?”

साळुंकीने तेही राजाला जसेच्या तसे सांगितले. राजाला ती थट्टा वाटली. पल्याडच्या लोकांची थट्टा अशीच असायची, असे म्हणून तो हसला.

ती थट्टा नव्हती. पल्याडच्या मुलखात एका माणसाच्या वतीने दुसरा बोलतो तो एकदाच, पहिला मेल्यावर. प्रेत दारात ठेवतात, आणि जवळचे कोणी त्याच्या जागी म्हणते, मी अमुक, अमुकाचा मुलगा, मला निरोप द्या. जिवंत माणूस आपले तोंड दुसऱ्याला देत नाही. साळुंकीला हे कुठून ठाऊक असणार? तिला शब्द ठाऊक होते.

तुंबरी रीतीबाहेर जाणारी नव्हती. मेलेल्याला द्यायचे ते तिने दिले. राजाच्या उजव्या तळव्यावर मीठ ठेवले, बोटे मिटली आणि म्हणाली, सुखाने जा. राजा घरी पोचला तेव्हा त्याची बोटे गार पडली होती. मग मनगट गेले, मग कोपर. वैद्यांनी शेकले, चोळले, लेप लावले. हात लाकडाचा झाला आणि मूठ काही उघडेना. गारठा रोज थोडा वर चढे. तो कंठाशी पोचला की संपले, हे कोणी न सांगता सगळ्यांना कळले.

कुवलयेने तुंबरीचा प्रश्न ऐकला आणि तिला शाळा आठवली. गोमाईंनी एकदा वर्गात एका मुलाला मेल्यासारखे निजवले होते आणि दुसऱ्याकडून त्याचे बोलणे वदवून घेतले होते. मुले पोट धरून हसली होती. तो पल्याडच्या भाषेचाच धडा होता.

ती गोमाईंच्या दारी गेली आणि म्हणाली, की बाई, माझ्याबरोबर चला.

“मी आले तर मीच बोलेन,” गोमाई म्हणाल्या. “मग तूही मेलीस. एकटी जा.”

“माझ्या फार चुका होतात.”

“कधी झाल्या नाहीत ते सांग. ऊठ.”

कुवलया डोंगर चढून गेली. तुंबरीच्या दारावर दगडाचे अस्वल बसले होते. त्याने विचारले, कोण, कुणाची, कशाला? त्याच्याच भाषेत उत्तर देणे, हे पहिले काम. कुवलयेने उत्तर दिले, पण शब्द अडखळले, स्वर भलतीकडे गेले, एक शब्द तर मध्येच विसरला. अस्वल इतके हसले की त्याच्या अंगाच्या कपच्या उडाल्या. कुवलया थांबली नाही. जिला अख्खा वर्ग हसला होता, तिला एका अस्वलाचे काय? तिने विसरलेल्या शब्दाला वळसा घातला, सोपे करून सांगितले आणि बोलणे पुरे केले. अस्वल बाजूला सरले.

तुंबरी अंगणात गुळाच्या ढेपेला टेकून बसली होती. म्हणाली, “तोंड तुझंच दिसतंय. आता तुला भाषा येते का नुसता धडा येतो, ते बघू.” आणि तिने दुसरे काम सांगितले. परसात उंबराचे झाड होते. त्यावर अल्याडचा एक राघू आणि पल्याडचा एक धनेश राहत. वर्षानुवर्षे त्यांचे भांडण चालू होते आणि त्या कालव्याने तुंबरीला दुपारची झोप नव्हती. ते भांडण मिटवायचे.

कुवलया झाडाखाली उभी राहिली. राघू आपल्या भाषेत सांगू लागला, की हा लांबचोच्या चोर आहे. झाडाची पिकली उंबरे तोडतो आणि स्वतः न खाता खोडाच्या भोकात कोंबतो. असा कंजूष मी पाहिला नाही. धनेश त्याच्या भाषेत म्हणाला, हा हिरवा रोज माझ्या दारावर चोची मारतो. मी याचे काय खाल्ले? आत माझी बायको पिल्लांपाशी बसली आहे. तिने चिखलाने दार लिंपून घेतले आहे, पिसे गाळली आहेत, तिला बाहेर येता येत नाही. मी भरवले नाही तर सगळी उपाशी मरतील.

दोघांचेही कुवलयेला कळले. राघूला सांगायला तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. धनेशाचे आपण बोललो तर या मुलखात धनेश मेला.

ती राघूला म्हणाली, “तूच विचार त्याला. मी शब्द शिकवते.”

“मला माझी भाषा पुरते,” राघू म्हणाला.

“भांडणालाही तीच पुरली आहे. ऐक.”

तिने त्याला दोनच शब्द शिकवले, आत कोण. राघूने ते वाकडेतिकडे म्हटले, रागाने पंख झाडले, पुन्हा म्हटले. मग भोकापाशी जाऊन त्याने विचारले. चिखलाच्या फटीतून एक चोच पुढे आली आणि आतून थकलेला आवाज आला, मी आहे, आणि लेकरे. लेकरे हा शब्द राघूला शिकवावा लागला नाही. ती आत चिवचिवत होती. मग राघूने झाडावरचे सगळ्यांत पिकले उंबर तोडले आणि त्या फटीशी धरले.

तुंबरी त्या दुपारी झोपली. उठल्यावर म्हणाली, “आता बापासाठी माग काय मागायचं ते.”

मागणे कुवलयेच्या ओठांवर आले होते. डोळ्यांत पाणीही आले होते. पण तिने ओठ दाबून धरले. बापासाठी आपण बोलणे म्हणजे त्याला आपल्याच तोंडाने पुरणे.

“त्यांचं ते मागतील,” ती म्हणाली.

तुंबरीने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. विचारले, “गारठा कुठवर आलाय?”

“निघाले तेव्हा खांद्याशी होता.”

“मग हे तिसरं काम. लवकर शिकव.”

मणिरथ अंथरुणात बसून होता. मुलीने सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, साळुंकी कानात सांगेल, मी तसे म्हणेन. कुवलयेने साळुंकी उचलून अंगणात सोडून दिली.

“या वयात मी शिकू?” राजा म्हणाला.

“आधी वय उरू दे, बाबा.”

त्याला पालखीत घातले आणि पालखी डोंगराला लागली. वाटभर एकच वाक्य चालले होते. राजाच्या जिभेला वळण नव्हते. तो चिडे, मुलीवर ओरडे, राज्य घे पण हे नको म्हणे. ऐकून ऐकून भोयांना ते वाक्य पाठ झाले आणि ते पावलांच्या ठेक्यावर म्हणू लागले. भोयांना येते आणि आपल्याला येत नाही, हे राजाला सोसेना. मग मात्र तो मुकाट्याने म्हणू लागला. गारठा गळ्याच्या हाडाशी आला होता.

तुंबरी उंबरठ्यावर उभी होती. राजा पालखीतून उतरला, कुणाचा हात न धरता उभा राहिला आणि पल्याडच्या भाषेत, घोगऱ्या आवाजात बोलला.

“मी मणिरथ, वज्रकेतूचा बाप. तुझ्या दारी मीठ मागायला आलो आहे.”

भोयांनी खाली पाहिले.

“बाप नव्हे,” तुंबरी म्हणाली. “मुलगा. पुन्हा म्हण.”

कुवलयेला कळले, बाप वाचला. प्रेताची चूक कोणी दुरुस्त करीत नाही, ना अल्याड, ना पल्याड. राजाला मात्र ते कळले नाही. पुन्हा म्हण, असे त्याला लहानपणी कोणी म्हटलेच नव्हते. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा म्हटले. “मी मणिरथ, वज्रकेतूचा मुलगा.” या वेळी नीट आले. त्याच्या हाताला मुंग्या आल्या, बोटे एकेक करून उघडली, आणि मुठीतले मीठ उंबरठ्यावर सांडले. तुंबरीने आत हाक मारली, की पाहुण्याला पाणी आणा.

राजा मीठ लादलेले बैल घेऊन परतला आणि घरी न जाता आधी गोमाईंच्या दारी गेला. चालत गेला, एकटा गेला. शाळेत पुन्हा या, असे त्याने स्वतःच्या तोंडाने मागितले. गोमाईंनी त्याला पुरते बोलू दिले. मग म्हणाल्या, “येते. तुम्हीही या. सकाळचा तास आहे, उशीर चालणार नाही.”

आता त्या राज्यात साळुंक्या झाडांवर असतात आणि मुले सतरंजीवर. मागच्या ओळीत राजा बसतो. तो चुकला की मुले हसतात, आणि राजा पुन्हा म्हणतो.

मीठ घरी आले, गोष्ट पुरी झाली. ज्याने ऐकली, त्याने ती आपल्या तोंडाने सांगावी.