कोंडाईचा धोंडा

दम खाऊन घ्या, पाहुणे. दीडशे पायऱ्या चढून आलात, बसा सावलीला. फक्त त्या पिवळ्या धोंड्यावर तेवढं टेकू नका. सावरघळच्या खंडोबापुढचा तो धोंडा कोंडाईचा. वर पावलांचे दोन खळगे दिसतात ना, ते तिचेच, असं सांगतात. मी इथला गुरव. पन्नास वर्षं हीच गोष्ट सांगतोय, माझंही तोंड आता दुखतं. पण विचारलंत, तर सांगायला हवं.

फार मागची गोष्ट. इथल्या देशमुखानं ओढ्याचं पाणी स्वतःच्या उसाकडे वळवलं होतं. खालच्या वाडीच्या विहिरी तळाला गेल्या. ठाऊक सगळ्यांना, पण बोलायचं कोणी? देशमुखानं दवंडीच पिटवली होती म्हणे, की पाण्याचा विषय जो काढील त्याचा कडेलोट. तळं राखील तो पाणी चाखील, असं म्हणत लोक गप्प बसले. एक येसू तेवढा बोलला. भर बाजारात, मोठ्यानं. हा कोंडाईचा पाठचा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला भाकरी कुस्करून भरवलेली.

येसूला गडावर कोंडलं. कडेलोटाला पाचही पंचांची संमती लागायची. ती घ्यायला चैत्री जत्रेच्या आदल्या दिवशी इथंच सभा भरली. जत्रेला सुभेदार यायचे, आणि ते आले की न्याय त्यांच्या हाती. आणि दिवस बुडाल्यावर पंचांचा निवाडा चालत नसे. म्हणून देशमुखाला दिवस मावळायच्या आत काम उरकायचं होतं.

कोंडाई सकाळीच येऊन या धोंड्यावर उभी राहिली. इथली जुनी रीत अशी, की मुठीत खंडोबाचा भंडारा घेऊन कोणी बोलू लागलं, की त्याचं बोलणं संपेपर्यंत पंचांनी उठायचं नाही. चार लोकांत मोठेपण दिसावं म्हणून देशमुखानं स्वतःच तिच्या मुठीत भंडारा घातला. विधवा बाई, दोन शब्द बोलेल, रडेल, जाईल, अशी त्याची समजूत. तिथंच तो चुकला.

तसे तिच्याजवळ खरोखरच दोन शब्द होते. "माझा भाऊ खरं बोललाय," ती म्हणाली, आणि पुढं काही सुचेना. पंच उठायला हात टेकू लागले. आपण थांबलो की येसू गेला. मग ती बोलतच राहिली. कोणती विहीर कधी आटली, कोणाची म्हैस पाण्यावाचून मेली, देवी आल्या तेव्हा येसू किती रडला, ओढ्याच्या बंधाऱ्याला वाडीतल्या कोणी किती दगड वाहिले. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. लोक आधी हळहळले, मग हसले, मग कंटाळले म्हणे. किती मेलं हे दळण दळायचं, असं वाडीच्या बायकासुद्धा म्हणाल्या. ते तिनं ऐकलं. तिला स्वतःलाच स्वतःच्या बोलण्याचा वीट आला होता. पाय सुजले, जीभ टाळूला चिकटली. पाणी प्यायचं तर बोलणं थांबतं, म्हणून पाणीही नाही.

दिवस कासराभर राहिला आणि तिचा आवाज गेला. ओठ हलत होते, शब्द उमटत नव्हता. देशमुख म्हणाला, झालं हिचं, चला. चार पंच उठले. पाचवे रावजी म्हेत्रे, चाळीस वर्षं देशमुखाच्या हो ला हो करून थकलेले. ते जागचे हलले नाहीत.

"ती बोलतेय," रावजी म्हणाले. "मला ऐकू येत नाही, हा माझ्या कानांचा दोष. मी बसलोय."

उठलेले चौघं एकमेकांकडे बघत पुन्हा खाली बसले. आणि दिवस बुडाला.

येसू वाचला. सुभेदारांनी खालच्या वाडीला आठवड्यातले दोन दिवस पाणी दिलं. हो, दोनच दिवस. देशमुख देशमुखच राहिला. कोंडाईचा आवाज मात्र परत आला नाही. पुढं वीस वर्षं ती येसूला हातानंच खुणावून जेवायला बोलवायची, असं सांगतात.

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी भंडारा मुठीत घेऊन कोणीही या धोंड्यावर उभं राहतं. सरपंचाविरुद्ध बोला, देवस्थानाविरुद्ध बोला, अडवायचं नाही. बहुतेक तेच ते असतं, नळाला पाणी नाही, शाळेला मास्तर नाही. खोटं कशाला बोलू, ऐकून जीव विटतो. माझी कंबर धरते, पायाला मुंग्या येतात. पण बोलणारा थांबेपर्यंत उठायचं नाही. गेल्या साली खालच्या वाडीची एक बाई चढली आणि दोन तास माझ्याचबद्दल बोलली. त्यांच्या बायकांना मी गाभाऱ्याच्या दारातून किती वेळा परत पाठवलं, कोणत्या सणाला, काय बोलून, सगळं सांगितलं तिनं. उठून जावंसं फार वाटलं हो. पण बसून राहिलो. ती म्हणाली ते सगळं खरं होतं.