शेकरूचा हिरडा

शके १८०१चा चैत्र सरत आला होता. पिंगळ्या खेचराला धनी नव्हता. तो घाटात स्वतःच भाडी शोधून ओझी वाही. आजारपणात त्याने म्हशीकडून दहा पेंढ्या कडबा उसना खाल्ला होता. आता ती व्यायला टेकली होती आणि तिची गव्हाण रिकामी होती.

कावळा खबर घेऊन आला. "खाली कोकणात मीठ पडून आहे. वर आणायला चार पेंढ्या. पळ."

"खाली जाताना काय नेऊ?"

"मोकळा जा की, राजा."

"मोकळं गेलं तरी पोट मागतंच," म्हणून पिंगळ्या शेकरूच्या झाडाखाली थांबला. हिरडा खाली पोचवायला शेकरू एकच पेंढी देई आणि पोती भरायला दुपार करी.

"घे, एका पेंढीसाठी पाठ सोलून घे," कावळा म्हणाला.

पिंगळ्या पोचला तेव्हा मिठागरावर बैलांची, गाढवांची दाटी होती. कावळ्याने सगळ्यांनाच सांगितलं होतं, त्यामुळे भाडं दोन पेंढ्यांवर आलं होतं. मोकळे आलेल्यांनी आपली निम्मी कमाई घाट चढतानाच खाल्ली. पिंगळ्याने शेकरूच्या पेंढीवर भागवलं आणि मिठाच्या दोन्ही पेंढ्या राखून वर आणल्या.

अशा पाच खेपा झाल्या. म्हैस व्यायच्या आधी तिच्या गव्हाणीत दहा पेंढ्या पडल्या.