त्रेसष्ट नंबरची बोअर

"म्हणजे माझी यादी चुकलीय, असं म्हणताय मिस्त्री?"

मडावी मिस्त्री तंबाखू चोळत राहिले. वणीकडच्या या माळावर चाळीस वर्षांपूर्वी कोळसा शोधायला त्यांनीच बोअर मारल्या होत्या. आता कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू इथेच जमिनीखाली कोंडायचा होता. जुनी बोअर नीट बुजवलेली नसेल, तर तो तिथून वर येणार. जड वायू. उताराकडे सरकतो.

उताराला आश्रमशाळा. मुलं जमिनीवर झोपतात.

"जिची नोंद पूर्ण ती बोअर सुरक्षित, जिची फाटकी ती धोक्याची," वैदेही म्हणाली. नावामागे डॉक्टर लागलं होतं. उद्या या बोअरींच्या तपासणी-अहवालावर तिची सही.

"सगळ्यात चांगली नोंद कोणती?"

"त्रेसष्ट. तळापासून तोंडापर्यंत सिमेंट. अक्षरही सुंदर."

"चला."

पहारीच्या दुसऱ्याच घावाला झाकण फुटलं. खाली कुजकं पोतं. मिस्त्रींनी ते ओढून काढलं, आत खडा सोडला.

काहीच नाही...

मग खोलवर, डुबुक.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. साहेबाला रजिस्टर पूर्ण पाहिजे होतं. तंबूत बसून एका दुपारी वीस पानं भरली."

"आणि चाळीस वर्षं गप्प?"

"कोणी विचारलंच नाही."

म्हातारी माणसं असंच म्हणतात.

"हे उत्तर झालं?"

"नाही..."

वैदेहीने मिस्त्रींच्या काखेतलं जुनं रजिस्टर हिसकावलं. भराभर पानं उलटली. नऊ नंबर: चिखलाचा अंगठा, पावसाने पसरलेली शाई, खोली वाचता येत नाही. तिच्या यादीत सर्वांत धोक्याची.

पहार उचलून ती पळाली. नऊ नंबरच्या तोंडावर घाव घातला.

ठण्ण.

पुन्हा. ठण्ण. मनगटापर्यंत झिणझिण्या.

"ही सिमेंटने भरताना दोन दिवस पावसात उभा होतो," मागून धापा टाकत आलेले मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे मळकी पानं खरी. स्वच्छ पानं खोटी." तिने पहार टाकून पिशवीतून आपला छापील अहवाल काढला. डोळे चमकत होते. "सापडलं, मिस्त्री. यादी उलटी करायची, बस. तासाभराचं काम. उद्या सही करता येईल."

मिस्त्रींनी तिच्या हातातला अहवाल घेतला. एकेक पान उलटलं. दीडशे पानं. एकावरही डाग नव्हता.

"छपाई छान आहे," ते म्हणाले. "कुठं बसून लिहिलास, पोरी?"