आनशीआजीचं सारवण

फार फार मागची, कातळवाडीत कौलारू घर एकच होतं तेव्हाची ही गोष्ट. वाडीत आनशीआजी नावाची सुईण होती. बाळंतपणं तीच करायची आणि कोळी चावला तर पालाही तीच वाटून द्यायची.

त्या कातळात मुठीएवढे केसाळ, विषारी कोळी बिळं करून राहत. आजी बिळांपाशी तासन्‌तास बसे. तोंडाशी पसरलेल्या धाग्याला नाकतोड्याचा पाय लागला, की मादी झडप घाली आणि दात रोवून त्याला आत ओढी. नर यायचा तो लांबूनच धाग्यावर पाय आपटून वर्दी देत. भुकेली असली तर ती त्यालाही खाई. पण एकदा अंडी घातली, की पांढऱ्या पुरचुंडीत गुंडाळून ती पोटाशी धरून बसे. आजी तेव्हा तिच्याशी बोलायची आणि ती पाय हलवून उत्तर द्यायची, असं म्हणतात.

एकदा पावसाळा सरताना शेजारची सून शेवंती आली. पहिलटकरीण, सहावा महिना.

“आजी, आमच्या जोत्यात कोळ्याची मादी शिरलीय. सासू म्हणते, उकळतं पाणी ओत. ओतू काय?”

“नको गं बाय. अंडी आहेत तिच्यापाशी. पोरं फुटली की जाईल निघून. तीपण तुझ्यासारखीच अवघडलेली.”

शेवंतीनं ऐकलं. जोतं सारवताना ती बिळाभोवतीची वीतभर जागा सोडून देई. पंधराव्या दिवशी पिल्लं त्या जागेबाहेर सांडली होती. सारवताना शेवंतीचा हात त्यांच्याजवळून गेला, आणि मादी झेपावून चावली.

आजी तीन दिवस उशाशी बसली. शेवंती वाचली. पोटातलं वाचलं नाही.

डोळे उघडल्यावर शेवंतीनं एवढंच विचारलं, “आजी, तिची पोरं जगली काय?”

आजीला तोंड वर करता आलं नाही. आपण बिळाकडे बघत बसलो आणि पोरीकडे बघायचं राहिलं, हा सल तिच्या मनातून कधी गेला नाही. तिनं शेण कालवलं आणि ते जोतं स्वतः सारवलं. मग ती माळाकडे चालू लागली. मागून पिल्लं पाठीवर घेऊन ती मादी निघाली, वाटेतल्या बिळाबिळांतून आणखी निघाल्या, आणि सगळा कातळ काळा झाला, असं म्हणतात. आजी परतली नाही.

आता वाडीत घरोघर फरशी आहे. तरी बाईला दिवस गेले, की शेजारणी तिच्या उंबऱ्याशी वीतभर जागा आनशीच्या नावानं सारवतात. तिला शेणाला हात लावू देत नाहीत. आणि निघताना प्रत्येकजण म्हणते, “हात दाखव बघू तुझे.”